जिभेपुढचा तारा

माझ्या ताईनं आयुष्यातली नऊ वर्षं एका शब्दावर घातली, आणि तो शब्द जगात कोणी कधी लिहिलेलाच नाही. कागदावर नाही, दगडावर नाही, कुठ्ठे म्हणून नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी भडकले की बाईच्या अंगात काय शिरलं असं तुम्हाला वाटायला नको. चिडकी मी आहेच. आई मला तोफ म्हणायची आणि ताईला घुमी. दादाला मात्र दादाच. तो थोरला, त्याला टोपणनाव ठेवायची कोणाची टाप नव्हती.

आई स्वतः काय होती ते ऐका. ती बस डेपोत चौकशीच्या खिडकीमागे बसायची, समोर माइक. “प्रवाशांनी लक्ष द्यावे. धरणाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर येत आहे.” दिवसभर हेच. मधेच माइक चालू ठेवूनच ओरडायची, “ओ निळी टोपी, रांग तिकडे आहे, डोळे फुटले का?” अख्खा डेपो हसायचा आणि निळी टोपी मुकाट्यानं रांगेत जाऊन उभी राहायची. आई निवृत्त झाली तेव्हा ड्रायव्हर-कंडक्टरांनी मिळून तिला एक आरामखुर्ची दिली. ती अजून तिच्या खोलीत आहे.

शाळा सुटली की आम्ही दोघी त्या चौकशीच्या खोलीत, आईच्या टेबलाखाली. मी तिथे स्वस्थ बसेन तर शपथ. ताई मात्र गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत राहायची. चहूकडून ड्रायव्हर यायचे, प्रत्येकाच्या बोलण्याची तऱ्हा वेगळी. एकदा तिनं आईला विचारलं, “वरच्या रस्त्याचे ड्रायव्हर एक शब्द असा म्हणतात आणि धरणाकडचे तसा. मग या दोघांचे पणजोबा काय म्हणत असतील?” आई म्हणाली, “म्हणत असतील, पोरी, गृहपाठ कर.” आम्ही हसलो आणि विसरलो. ताई विसरली नाही.

पुढे ती शिकली, आमच्या सात पिढ्यांत कोणी शिकलं नसेल एवढी शिकली. आणि शिकली काय, तर मेलेल्या भाषा. लग्न केलं नाही. बरंच झालं, नवरा बिचारा एकटाच बोलून बोलून थकला असता. नोकरी लागली ती दुसऱ्या शहरात, एका कोशाच्या ऑफिसात. रंगाच्या दुकानावरचा मजला, जिन्यात टर्पेंटाइनचा वास, आत भिंतभर पत्र्याची कपाटं आणि कपाटांत खच्चून भरलेली कार्डं. इटलीतल्या जुन्या भाषांतले शब्द कुठून आले, याचा कोश. तिथल्या प्रमुखांना सगळे मोठे सर म्हणतात. त्यांनी शब्द वाटून दिले तेव्हा ताईच्या वाट्याला आली जीभ. जिला तोंड उघडायचं माहीत नाही तिला जीभ! आईला हे कळलं तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती.

ताईनं मला ते प्रकरण समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. चुकलं तर शिव्या मला घाला, तिला नको. फार पूर्वी इटलीत रोमच्या लोकांची लॅटिन होती, आणि दक्षिणेकडच्या डोंगरांतल्या लोकांची ऑस्कन. दोघी बहिणी. त्यांची आई कधीतरी होऊन गेली, पण तिनं मागे एक ओळ लिहून ठेवलेली नाही. मग तिचे शब्द कसे काढायचे? मुलींकडे बघून. लॅटिनमध्ये जिभेला लिंग्वा. त्याच्या आधी म्हणायचे दिंग्वा. पुढे ‘चाटणे’ असा अर्थ असलेल्या एका क्रियापदाच्या नादी लागून द चा ल झाला, असं म्हणतात. ऑस्कनमध्ये मात्र फंग्वा. या दोघींवरून ताईनं त्यांच्या आईचा शब्द जुळवला, देन्घ्वा. स्त्रीलिंगी. शेवटी लांब आ. वाक्यात ती कर्म झाली की देन्घ्वाम्, ‘जिभेचा’ म्हणायचं असेल तर देन्घ्वास्. आपली जीभ तिची लांबची नातेवाईक, ती जिह्वेकडून आली, आणि जिह्वाही बाईच, शेवटी आ असलेली. मी म्हटलं, बाईच असणार, पुरुष असती तर जगातली भांडणं कोणी केली असती. ताई हसली नाही. ती अशा वेळी हसत नाहीच.

मग नऊ वर्षं कशाला लागली? पहिल्या अक्षराला! लॅटिन म्हणते द, ऑस्कन म्हणते फ. नियमानं ऑस्कनमध्येही द यायला हवा होता, आला नाही. जिह्वेचा ज सुद्धा म्हणे नियमात बसत नाही. शेवट सगळ्यांचे जुळतात आणि तोंडं कोणाचीच जुळत नाहीत. आमच्या घरासारखंच, मी म्हटलं. तर अशा जुळवलेल्या शब्दापुढे कोशात एक बारीकसा तारा लावतात. त्याचा अर्थ, बाबांनो, हा शब्द आम्ही अंदाजानं उभा केलाय, कोणी लिहिलेला पाहिलेला नाही. एकदा प्रुफात तो तारा गळला. ताई सुट्टी टाकून बसनं छापखान्यात गेली आणि तारा बसेपर्यंत यंत्राशेजारून हलली नाही. “एवढ्याशा ठिपक्यासाठी?” मी विचारलं. “तो नसला तर मी खोटं बोलले असं होतं,” ती म्हणाली. झालं. पुन्हा तोंडाला कुलूप.

आता माझं ऐका. मी शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत आई. शाळांचे युनिफॉर्म, पँटची उंची कमी करणं, कोटाचं अस्तर, तुटलेल्या चेनी. गेल्या वर्षी एका सकाळी आईच्या हातून कप पडला आणि पाठोपाठ आई. मेंदूत गुठळी. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. सगळं नाही गेलं, तेच तर वाईट. काही शब्द उरले, पण कोणता कुठे टाकायचा याचा पत्ताच नाही. जी बाई माइकवरून निळ्या टोप्या सरळ करायची ती पाण्याकडे बोट दाखवून “खिडकी, खिडकी” म्हणायची, आणि आपण चुकतोय हे कळून उशीवर डोकं आपटायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शब्द इकडचे तिकडे होतील. आम्ही ऐकलं आणि सोडून दिलं.

एक मात्र व्हायचं. अधूनमधून, काही कारण नसताना, आईच्या तोंडून डेपोचं वाक्य अख्खं बाहेर पडायचं. “फलाट क्रमांक तीनवर येत आहे.” जुना खणखणीत आवाज, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कात्री टाकून धावले, वाटलं परत आली. डॉक्टर म्हणाले, नाही हो, ती घासून घासून पक्की झालेली वाक्यं, ती आपोआप येतात, त्यांत अर्थ असेलच असं नाही. मला इतका राग आला की मी त्यांचे आभार न मानताच निघून आले.

ताई तेव्हा आली, दोन दिवस राहिली, कोपऱ्यात बसली आणि गेली. तिच्या शब्दाची शेवटची मुदत होती म्हणे! दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला, वहिनी आणि फरशांचं दुकान, महिन्यातून दोनदा येणार, आईच्या गालाला हात लावणार, आणि मला सांगणार की खोलीत हवा खेळत नाही. एक वर्ष हे चाललं. आणि मग दादानं बॉम्ब टाकला.

धरणाच्या रस्त्यावर एक शुश्रूषा केंद्र आहे. तिथे एक पलंग रिकामा होतोय. आईला तिकडे ठेवायचं.

“माझ्या प्रेतावरून न्या,” मी म्हटलं.

“तू ऐकून तर घे. तुझी पाठ गेलीये. तू गिऱ्हाईकाशी बोलत असताना ती मागच्या महिन्यात पलंगावरून पडली की नाही?”

पडली होती. दादाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, आणि ते मला कळत होतं, म्हणून तर तळपायाची आग मस्तकात जायची.

“आणि मी आईला विचारलंय,” दादा म्हणाला. “ती हो म्हणाली.”

“खोटं! मी परवाच विचारलं. ती नाही म्हणाली.”

“मी खोटं बोलतोय?”

“मग मी बोलतेय का?”

वहिनी मधे पडल्या तेव्हा दादाच्या हातात माझी मीटर टेप होती आणि ती त्यानं मनगटाभोवती इतकी गुंडाळली होती की बोटं लाल झाली होती. ठरलं एवढंच की रविवारी केंद्राच्या मॅडम घरी येतील. त्यांचा नियम साधा होता. तिघांपैकी निदान दोन मुलं राजी हवीत, आणि आईची इच्छा आहे हे त्यांना स्वतःला दिसायला हवं. दोघांची मतं तर उघड होती. उरली घुमी.

मी त्याच संध्याकाळी तिला फोन लावला. “ऐक. दोन तुकड्यांवरून तू मेलेल्या माणसांची भाषा उभी करतेस ना? मग जिवंत आईचं बोलणं उभं कर. ये इकडे. आणि आली नाहीस तर मी मेले तरी तोंड दाखवू नकोस.”

पलीकडून कागद सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “उद्या येते.” आणि आली. एक पिशवी कपड्यांची, एक कोऱ्या कार्डांची.

मला वाटलं होतं ती आईच्या गळ्यात पडेल. कसलं काय! तिनं खुर्ची ओढली, आईच्या डाव्या हाताला बसली आणि कार्डं लिहायला लागली. आई काय म्हणाली. कोणाला म्हणाली. समोर काय होतं. हातानं काय केलं. चहा दाखवायचा, हवा का विचारायचं, आईनं काय उत्तर दिलं आणि कपाचं काय केलं ते लिहायचं. मग उशी. मग खिडकी. मी शिवायला बसायची आणि मशीनच्या आवाजातूनही मला तिच्या पेनाची खरखर ऐकू यायची. दोन दिवस दात-ओठ खाल्ले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पँट तशीच सुईखाली सोडून आत गेले.

“आई आहे ती तुझी! कार्डं कसली भरतेस? जवळ घे तिला, डोक्यावरून हात फिरव!”

ताईनं मान वर केली. “डोक्यावरून हात फिरवलेला तिला आवडत नाही. उजवीकडचं तिला कळत नाही, ती दचकते. तू रोज फिरवतेस.”

मला काय लागलं ते माझं मला माहीत. वर्षभर मी तिची घाण काढली, आणि ही तीन दिवसांत येऊन मला शिकवणार! मी तोंडाला येईल ते बोलले. तू दगड आहेस म्हटलं, तुला माणसं नकोत, माणसांची हाडं हवीत म्हटलं. तिनं पेनाला टोपण लावलं. माझं बोलून संपल्यावर हळूच म्हणाली, “फंग्वा कशावर सापडतो माहीत आहे तुला?”

“खड्ड्यात गेला तुझा फंग्वा.”

“शिशाच्या पत्र्यावर. कोणीतरी कोणालातरी शाप दिलाय. त्याची जीभ, त्याची ताकद, त्याचं आयुष्य, एकेक मोजून लिहिलंय, सगळं घे म्हणून. शेवटी म् लागलाय, कारण जीभ तिथे कर्म आहे. तिच्यावर काहीतरी करायला सांगितलंय.” ती आईकडे बघत होती. “एवढा कोणीतरी चिडला होता, म्हणून तो शब्द आपल्याला मिळाला.”

आई उशीवर मान तिरकी करून आमच्याकडे बघत होती, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. “आणि हे तू आईच्या उशाशी बसून सांगतेस?” मी म्हटलं, आणि लाळ पुसली. डाव्या बाजूनं पुसली.

रविवारी सकाळी सगळे जमले. दादा, वहिनी, केंद्राच्या मॅडम. बाई बऱ्या होत्या, हळू बोलणाऱ्या, मांडीवर एक फाइल. वहिनींनी येतानाच आईचे चार कपडे पिशवीत भरून पलंगाच्या पायथ्याशी ठेवले होते, म्हणजे वेळ जायला नको. मी ती पिशवी बघितली आणि मूग गिळून उभी राहिले. ताईला आदल्या संध्याकाळी तीनतीनदा विचारलं होतं, “काय निघालं तुझ्या कार्डांतून?” तर ताकास तूर लागू देईल तर ना! मी मनाची समजूत घातली, बहीण आहे, माझ्याच बाजूनं बोलेल.

दादा आईच्या पुढ्यात वाकला. “आई, तिकडे जायचं ना? धरणाच्या रस्त्याला? छान जागा आहे. जायचं ना?”

“हो,” आई म्हणाली. अगदी स्पष्ट.

“ऐकलंत?” दादा मॅडमकडे वळला. त्याच्या आवाजात विजय नव्हता हो, सुटल्यासारखं काहीतरी होतं, पण मला तेव्हा ते कुठलं दिसायला. मी तोंड उघडणार तेवढ्यात ताई उठली. ती आईच्या डाव्या बाजूला गेली, खाली बसली आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “आई, तू आमची आई नाहीस ना?”

“हो.”

“मी तुझी मुलगी आहे का?”

“नाही.”

आईच्या तोंडून काय निघालं ते आईलाही ऐकू आलं. तिचा चेहरा कसा झाला ते मी सांगणार नाही. तिनं डावा हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर दाबून धरला, घट्ट, जसं काही आत कोणी चोर बसलाय.

“बस कर!” मी किंचाळले. “परक्या माणसांसमोर तिचा तमाशा मांडतेस? लाज वाटते का काही?”

आणि मग आमची घुमी, जिनं जन्मात कधी आवाज चढवला नव्हता, ती गरकन वळली. “नाही वाटत! कप दूर ढकलते आणि हो म्हणते. उशी घट्ट धरते आणि नाही म्हणते. आणि पुढच्या वेळी उलटं. चार दिवस मी बघतेय. तिचं हो म्हणजे हो नाही आणि नाही म्हणजे नाही नाही. दादा, तू खरं ऐकलंस. तोफे, तूही खरं ऐकलंस. आणि तुम्हां दोघांनाही काडीइतकं माहीत नाही! तुम्हाला हवा तो शब्द तुम्ही उचललात. मी मेलेल्या माणसांच्या तोंडी शब्द घालते तर आधी तारा लावते. तुम्ही जिवंत आईच्या तोंडी घालता, आणि बिनताऱ्याचा!”

“कसला तारा?” मॅडमनी विचारलं. वहिनींनी त्यांना हातानंच थांबवलं. दादा पांढराफटक पडला होता. मला तर कळेना की मी कोणावर चिडायचं, कारण माझाही पत्ता तिनं दादाच्या पत्त्याबरोबरच कापला होता.

“मग आता करायचं काय?” दादा म्हणाला, आणि पहिल्यांदाच तो थकलेला दिसला. “ती बोलूच शकत नाही तर विचारायचं कोणाला?”

“तिलाच. पण हो-नाहीत नको.” ताईनं पलंगाच्या पायथ्याची पिशवी उचलली आणि आईच्या पोटाजवळ, डाव्या हाताला लागेल अशी ठेवली. “आई, हे तुझे कपडे. ही पिशवी धरणाच्या रस्त्याला जायची आहे.” एवढंच. प्रश्न नाहीच.

आईनं तोंडावरचा हात काढला. पिशवीकडे बघितलं. मग हात पिशवीवर ठेवला आणि ढकलली. ती पलंगाच्या कडेला अडली. आईनं दात खाऊन पुन्हा ढकलली. पिशवी धप्पकन खाली पडली, वहिनींच्या पायावर. आणि त्याच दमात, डेपोच्या त्याच खणखणीत आवाजात, आई म्हणाली, “प्रवाशांनी लक्ष द्यावे. धरणाकडे जाणारी गाडी रद्द करण्यात आली आहे.”

दादाच्या तोंडून एक आवाज निघाला, हसू की हुंदका त्याचं त्याला माहीत. वहिनी वाकलेल्या तशाच राहिल्या. मॅडमनी ताईकडे बघितलं. तोपर्यंत त्यांना कळलं होतं की या घरात विचारायचं ते हिला.

“याला काय समजायचं?” त्यांनी विचारलं.

मला ठाऊक होतं ती काय बोलणार. घासून पक्की झालेली वाक्यं, अर्थ असेलच असं नाही. मी मनातल्या मनात तिला हात जोडले आणि शिव्याही दिल्या. घुम्ये, आज नको. आजच्या दिवस गिळ तो तारा.

ताईनं आईकडे बघितलं, मग मॅडमकडे. “ऐकलंत ना तुम्ही,” ती म्हणाली. “रद्द.”

मॅडमनी फाइल मिटली. चहा घेऊन गेल्या, बाई चांगल्या होत्या. दादा जाताना दारात म्हणाला, “मग करा आता तुम्हीच,” आणि चप्पल घालता घालता त्याच्या बोटाला पट्टा सापडेना. पुढच्या रविवारी मात्र तो न सांगता आला आणि आईला उचलून आंघोळीला नेलं. तेव्हापासून दर रविवारी येतो. हवा खेळत नाही हे अजून सांगतो.

मॅडम येऊन गेल्या त्या दिवशी संध्याकाळी मी मशीनवर, ताई आईशेजारी. ताईनं मोठ्या सरांना फोन करून सांगितलं होतं की उरलेले शब्द ती इथून करेल, कार्डं पाठवा. आई घोरत होती. मला राहवेना.

“खरं सांग. आईला तेच म्हणायचं होतं?”

ताईनं कार्डांची चवड सरळ केली. मग, “माहीत नाही.”

“माहीत नाही?” माझा पाय मशीनच्या पायडलवरून सुटला. “मग मॅडमसमोर एवढी छातीठोकपणे—”

“ती गाडी तिनं वर्षानुवर्षं पुकारली. कितीदा रद्द झाली असेल. आपोआपही आलं असेल. पिशवी ढकलली ती खरी. पण तो प्रसंग एकच. एका पुराव्यावर मी कोशात काही छापणार नाही.”

“मग तारा का नाही लावलास?”

ताईनं आईच्या डाव्या खांद्यावरचं पांघरूण वर ओढलं. “लॅटिनच्या आईला मी नऊ वर्षं विचारतेय. ती काही सांगत नाही, सांगणारही नाही. हिला उद्या परत विचारता येईल.”

मी रडले असते, पण त्याआधी राग आला. असा राग आला की कानशिलं तापली. “मग हे गेल्या वर्षी सुचलं नव्हतं? तेव्हा का गेलीस? वर्षभर ही खिडकी खिडकी करत डोकं आपटत होती, आणि तू तिकडे ते फंग्वा का फिंग्वा उकरत होतीस! डाव्या बाजूनं पुसायचं हे मला तेव्हा सांगायला काय झालं होतं?”

ती नुसती बसली, खालच्या मानेनं, आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी कार्डावर पडलं, शाई पसरली. मी एक पँट उचलली आणि तिच्या अंगावर फेकली. “धर. चेन गेलीये. शिवण उसव, कापड फाडू नकोस.” तिनं माझ्या डब्यातून उसवणी घेतली आणि कामाला लागली. वाईट उसवते, पण हळूहळू जमेल.

तिच्या शब्दाचा भाग पुढे छापून आला. देन्घ्वा, स्त्रीलिंगी, पुढे तारा, आणि पहिल्या अक्षरावर शंका. मी बोट लावून बघितलं, तारा जागेवर आहे.

त्या रविवारनंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही आईला परत विचारलं होतं. तिसऱ्या दिवशीही. अजून रोज विचारतो, इथेच राहायचं ना, म्हणून. आई कधी हो म्हणते, कधी नाही. डावा हात मात्र पलंगाची दांडी सोडत नाही.